पहिली वेलांटी

कोणी बोलता बोलता इंटरनेटचा वेग सांगितला की काकांचं बोट हवेत जायचं. "ऱ्हस्व की दीर्घ?" असं विचारून ते बोटानं वेलांटी काढून दाखवायचे. पहिली काढली तर ऱ्हस्व, दुसरी काढली तर दीर्घ. आणि समोरच्याला ती सरळ दिसावी म्हणून स्वतःच्या बाजूनं उलटी काढायचे. तुम्ही करून बघा, जमत नाही. मी घरी आरशासमोर उभं राहून पाहिलंय, हात नको तिकडेच वळतो.

अशी एकेका गोष्टीची टोचणी लागलेली माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आमच्या गल्लीत, झाशीच्या खंडेराव गेटच्या आत, हे होते. मी त्यांना काका म्हणायचे, बाकीचे सगळे बाबूजी. नाव लिहीत नाही. हवेत वेलांट्या काढणारा म्हातारा एवढं सांगितलं तरी आमच्याकडचा कोणीही घर दाखवेल.

रेल्वेत टेलिफोनच्या आणि तारांच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. मूळचे भुसावळकडचे. बदली होऊन झाशीला आले, निवृत्त झाले आणि परत गेलेच नाहीत, कारण काकूंना इथल्या शेजारणी सोडवेनात. माझे वडीलही रेल्वेतच होते, पण मी जन्मले इथे. घरात आई मराठीत बोलायची आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे. मराठी मला सगळं समजत होतं, लिहिता मात्र येत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

मी गेटजवळच्या एका स्कॅन सेंटरमध्ये तंत्रज्ञ आहे. रुग्णाला यंत्रात झोपवायचं, डोक्याचे नाहीतर पोटाचे फोटो काढायचे आणि ते नेटवरून ग्वाल्हेरच्या डॉक्टरांकडे पाठवायचे. ते तिथे बसून वाचतात आणि रिपोर्ट धाडतात. कोणती फाईल किती मोठी, नेटचा वेग किती, किती वेळ लागेल, हे मी एका वहीत लिहायचे. एकदा नेट फारच रडायला लागलं म्हणून कोणीतरी काकांना बोलावून आणलं. त्यांनी तारेला हातही लावला नाही. आधी माझी वही उघडली.

"ही एमबी कोणती?"

"एमबी म्हणजे एमबी, काका."

ते खुर्ची ओढून बसले. बसा असं मी म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे पाच वर्षं ऐकलं. इंग्रजीत दोन बी आहेत, एक छोटा आणि एक मोठा. छोटा म्हणजे बिट, मोठा म्हणजे बाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. फाईल केवढी हे मोठ्या बीमध्ये सांगतात आणि नेटचा वेग छोट्या बीमध्ये. म्हणून वेगाला आठनं भागायचं, मगच वेळ काढायचा. इंग्रजीत लिहिलं तर नजरेला फरक कळतो. पण त्यांच्या हापिसात सगळी रजिस्टरं हिंदीत लिहायचा नियम होता, आणि देवनागरीत सगळी अक्षरं एकाच उंचीची. तिथे कोणी 'एमबी' लिहिलं की छोटा का मोठा हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. तेव्हा त्यांनी आपल्या सेक्शनमध्ये नियम केला. बिटला पहिली वेलांटी, एमबि. बाइटला दुसरी, एमबी. "आपल्याकडे उंची नाही, पण वेलांटी आहे ना," ते म्हणायचे. हापिसातले हिंदीवाले हसायचे, मराठी बाबू का व्याकरण आ गया म्हणायचे. तरी लिहायचे तसंच, कारण तसं लिहिल्याशिवाय हे सही करत नसत.

काकूंना हा नियम मान्य नव्हता. त्या लग्नाआधी जळगावला शाळेत मराठी शिकवत. "मराठीत शेवटचा इकार दीर्घच असतो," त्या मला स्वयंपाकघरातून ओरडून सांगायच्या. "बि असं एकटं लिहिणं म्हणजे चूक. हात आपोआप दुसऱ्या वेलांटीकडेच जातो."

"म्हणून तर तपासावं लागतं," काका बाहेरून म्हणायचे.

हे भांडण पंचवीस वर्षं चाललेलं होतं आणि दोघांनाही ते संपवायचं नव्हतं.

थंडीत त्यांच्याकडे गेलं की हमखास मटार सोलायला बसवायचे. आमच्या भागात मटार पोत्यानं येतो. शेंग दीर्घ, दाणा ऱ्हस्व, असा त्यांचा हिशेब. शेंग उघडून दाणे मोजायचे. आठ निघाले तर खूश. सात निघाले तर म्हणायचे, "लाइन लॉस," म्हणजे एक वाटेत तारेतच गळला. मी म्हणायचे, काका, नऊ निघाले तर? ते म्हणायचे, "नऊवाल्या शेंगेवर विश्वास ठेवू नये." काकू म्हणायच्या की दुसऱ्यांच्या घरी मटार-भात सकाळी होतो, आमच्याकडे संध्याकाळी.

एकदा नेटचं कनेक्शन विकणारा एक माणूस सेंटरवर आला. "सौ की स्पीड है मैडम, एक सेकंड में सौ एमबी."

काका कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर खाली आला. "भैया, छोटी इ कि बड़ी ई?"

"जी?"

"बी में मात्रा कौन सी लगेगी?"

त्या बिचाऱ्याला वाटलं म्हातारा त्याची हिंदी तपासतोय. "बाबूजी, हम बारहवीं पास हैं," तो म्हणाला. अर्धा तास बसवून काकांनी त्याला भागाकार शिकवला, चहा पाजला आणि कनेक्शनही त्याच्याकडूनच घ्यायला लावलं. जाताना तो पाया पडला. पुढच्या गिऱ्हाइकाला त्यानं काय सांगितलं असेल ते देवाला ठाऊक.

मराठी लिहायला मला त्यांनीच त्या वहीत शिकवलं, तरी मला त्यांचा राग यायचा हेही लिहायला हवं. मी 'मी आली' म्हटलं की ते तोंड वर न करता 'आले' म्हणायचे. वहीत चूक सापडली की लाल पेनानं वेलांटी दुरुस्त करायचे आणि बाजूला बरोबरची खूण करायचे, जशी ते रजिस्टरात करत असत. आठवड्याला चार-पाच तरी सापडायच्या. मी मनात म्हणायचे, एवढं काय त्यात? लागली पाच मिनिटं जास्त.

मग तो मऊरानीपूरचा म्हातारा आला. बायकोचा स्कॅन झाला, रिपोर्ट घेऊन त्यांना शेवटच्या बसनं परत जायचं होतं. मी सांगितलं, बाबा, पंधरा मिनट. वेग दीर्घ समजून सांगितलं होतं. दोन तास लागले. बस गेली. आजारी बायकोला घेऊन तो माणूस आमच्याच बाकावर बसून राहिला, आणि एक शब्दही वाकडा बोलला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. काकांनी त्या दोघांना घरी जेवायला आणि झोपायला नेलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तू खोटं बोलली नाहीस बेटा. पण खोटं बोलली असतीस तरी त्यांची बस एवढीच चुकली असती."

त्या दिवसापासून मी वही नीट लिहायला लागले. त्यांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली, तीही तारेच्या जमान्यातली. "लाइन बारीक असली की सगळं पाठवायला जाऊ नये. तारेत आधी काय लिहायचो? कोण, कुठे, कधी. नमस्कार मागाहून पत्रानं." मी हो हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसांच्या तारेच्या गोष्टींना आपण हो हो म्हणतोच.

आता ती सकाळ.

फेब्रुवारी संपत आला होता. पावणेबाराला समोरच्या इस्पितळातून स्ट्रेचर आलं आणि मी नेहमीसारखा कागद हातात घेतला. वय वाचलं, मग नाव वाचलं, मग खाली बघितलं. काका होते. तोंड उजवीकडे ओघळलेलं, उजवा हात स्ट्रेचरच्या कडेला नुसता लटकत होता. डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच बघत होते. तोंडातून नुसता घोगरा आवाज येत होता, शब्द एकही नाही.

काकू म्हणाल्या, "नऊ वाजता पोहे खाताना चमचा पडला. मला वाटलं साखर उतरली. मी साखरेचं पाणी देत बसले गं." हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं.

बरोबर इस्पितळातले तरुण डॉक्टर होते. मी स्कॅन काढला, ते माझ्या खांद्यामागून पडदा बघत होते. एका जागी त्यांनी बोट ठेवलं. "यह दाग देख रही हैं? पुराना भी हो सकता है, ताज़ा खून भी। ग्वालियर वाले सर से पूछे बिना मैं हाथ नहीं लगाऊँगा।"

गोष्ट साधी होती आणि म्हणूनच भयंकर होती. मेंदूत रक्ताची गाठ अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन होतं, समोरच्या इस्पितळात तयार होतं. पण आत रक्त वाहिलं असेल तर त्याच इंजेक्शननं माणूस जातो. आणि ते द्यायचं तर झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत. नऊ वाजता चमचा पडला. म्हणजे दीड वाजेपर्यंत.

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यातच नेट बंद. सकाळी चौकात पाइपासाठी रस्ता खोदताना केबल तुटली होती. मी माझ्या मोबाइलवरून नेट जोडलं. आमच्या जाड भिंतींच्या आत मोबाइलला जेमतेम रेंज असते. वेग तपासला, पडद्यावर एक आला. फाईल सहाशेची होती. मी वहीत लिहिलं, सवयीनं, घाईघाईत, आणि मोठ्यानं सांगितलं, "छह सौ की फाइल है, एक की स्पीड मिल रही है। दस मिनट में पहुँच जाएगी।"

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांना फोन लावून तेच सांगितलं. तिकडून म्हणाले, ठीक है, आते ही पाँच मिनट में देखता हूँ. काकू भिंतीला टेकून पुटपुटायला लागल्या. मी फाईल पाठवायला लावली आणि देवाचं नाव घेतलं. दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. साडेबाराच्या आत इंजेक्शन.

काकांचं स्ट्रेचर दारातच होतं. तिथून आमचं सगळं बोलणं ऐकू जात होतं. त्यांचा डावा हात हलायला लागला.

आधी बोट वर गेलं, मग खाली आलं. परत वर गेलं. वॉर्डमधून आलेला अटेंडंट म्हणाला, "झटके आ रहे हैं शायद, हाथ पकड़ लो।" त्यानं हात धरला. काकांनी हिसका देऊन सोडवला. काकू जवळ गेल्या, "काय हवंय? पाणी नाही द्यायचं म्हणतात हो. पाणी नाही." त्यांनी मान हलवली. घशातून आवाज काढला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि बोट पुन्हा वर गेलं.

मला वाटलं ते निरोप घेताहेत. खरं सांगते, मला तेच वाटलं, आणि मी तोंड फिरवलं. माझ्यानं बघवेना.

फिरवलेलं तोंड समोरच्या वहीवर आलं. 'वेग १ एमबी.' दुसरी वेलांटी.

मी परत वळले. बोट डावीकडे खालून उभं वर जात होतं, गोल होत होतं आणि उजवीकडे वरच टेकत होतं. परत डावीकडून. मला पहिली वेलांटी सरळ दिसत होती, म्हणजे ते ती उलटी काढत होते. अर्धं अंग गेलेला माणूस, कधी न वापरलेल्या डाव्या हातानं, तरीही माझ्या बाजूनं काढत होता.

ऱ्हस्व. एक एमबि. आठनं भाग. दहा मिनिटं नाहीत, ऐंशी. बारा दहापासून ऐंशी मिनिटं म्हणजे बरोबर दीड.

"अस्सी मिनट लगेंगे," मी म्हणाले.

डॉक्टर चिडले. "अभी तो आपने दस कहा था।"

"गलत कहा था।"

काकूंचं पुटपुटणं थांबलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. पाच वर्षं ज्यांच्या घरी मटार सोलले त्या बाईची ती नजर मी विसरणार नाही. त्यात राग नव्हता. त्या फक्त माझ्याकडून पुढचं वाक्य यायची वाट बघत होत्या.

आणि मला तार आठवली. कोण, कुठे, कधी. मी डॉक्टरांच्या हातातून फोन घेतला, परवानगी न विचारता. "सर, लाइन बहुत पतली है। सबसे पहले क्या चाहिए? बस उतना बताइए।"

तिकडून म्हणाले, "सादे वाले स्कैन की तीस तस्वीरें भेज दो। खून है कि नहीं, उसी में दिखेगा। बाकी बाद में।"

मी चाललेली फाईल थांबवली. तीस फोटो वेगळे काढले. पंधरा एमबी, दीर्घ. आठनं गुणून एकशेवीस, ऱ्हस्व. एकाच्या वेगानं एकशेवीस सेकंद, म्हणजे दोन मिनिटं. या वेळी मी ते कागदावर केलं आणि दोनदा तपासलं. मगच म्हणाले, "दो मिनट।"

काकांचा हात खाली आला.

दोन मिनिटं कशी गेली ते सांगता येणार नाही. पडद्यावरची पट्टी नव्वदपर्यंत आली आणि थांबली. मी मोबाइल उचलून खिडकीच्या गजाबाहेर धरला, हात दुखेपर्यंत. डॉक्टर घड्याळ बघत होते. बाहेर एक ई-रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि मला त्याचा जीव घ्यावासा वाटत होता. मग पट्टी सरकली आणि फाईल गेली.

फोन चार मिनिटांनी वाजला. तरुण डॉक्टरांनी ऐकलं, मान हलवली आणि अटेंडंटला म्हणाले, "चलो, जल्दी। खून नहीं है, दाग पुराना है।"

बारा चाळीसला इंजेक्शन सुरू झालं. मी तिथे नव्हते. मी वही मिटून, डोकं टेबलावर ठेवून रडत होते, आणि पुढचा रुग्ण दारात ताटकळत होता.

काका वाचले. पाय आला, हाताला थोडी पकड आली, बोलणं तुकड्यातुकड्यानं परतलं. ऱ्हस्व हा शब्द मात्र परत आलाच नाही. तो चांगल्या जिभेलाही जड आहे. बी म्हणायचे, पण छोटा आणि मोठा दोन्ही सारखेच यायचे. काकू म्हणायच्या, "बघ, शेवटी माझंच खरं झालं. शेवटचा इकार दीर्घच." आणि मग पदर डोळ्यांना लावायच्या. ते हसायचे, एका बाजूनं, आणि बोटानं हवेत दाखवायचे.

मी त्यांची माफी मागितली नाही. रोज ठरवायचे आणि रोज राहून जायचं. त्यांच्याच शिकवणीचा विसर मला त्यांच्याच वेळी पडावा, हे कोणत्या तोंडानं बोलणार? त्यांनीही विषय काढला नाही. पावसाळ्यानंतर एकदा काकूंचा हात धरून सेंटरवर आले. कोपऱ्यातल्या आपल्या खुर्चीवर बसले, वही मागितली आणि बराच वेळ चाळत राहिले. माझ्याकडे तेव्हा समथरची एक रुग्ण होती, मी आत होते. बाहेर आले तेव्हा ते निघाले होते. वही टेबलावर मिटून ठेवलेली होती.

जानेवारीत ते गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत. एवढं शांत मरण त्यांना मिळालं, आणि त्याआधीचे अकरा महिने. ते अकरा महिने त्यांनी स्वतः, आडवं पडल्या पडल्या, आठनं भागून मिळवले होते. हे मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगायचं होतंस गं."

तेराव्यानंतर आठ दिवसांनी गेले तर काकू मटार सोलत बसल्या होत्या. माझ्याशी बोलता बोलता त्यांनी एक शेंग उघडली, दाणे बोटानं सरकवले आणि म्हणाल्या, "सात." मग अगदी हळू, "लाइन लॉस."

तिथून मी सरळ सेंटरवर आले आणि वही काढली. वर्षभर मी ते पान उघडलं नव्हतं. फेब्रुवारीचं. माझं घाईतलं अक्षर होतं, 'वेग १ एमबी, वेळ १० मि.' बीवरची दुसरी वेलांटी लाल पेनानं खोडलेली होती. तिच्या जागी पहिली काढलेली होती, डाव्या हातानं, तीन ठिकाणी तुटत, पण पहिलीच. दहाच्या पुढे ऐंशी लिहिलेलं होतं.

आणि शेजारी, नेहमीसारखी, बरोबरची खूण होती.